आजींचा फ्राइटहोफ

म्युनिकच्या आग्नेयेला, लोकल गाडीने पाऊण तासावर असलेल्या एका गावात मी गेली काही वर्षे राहते. शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहतात. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे ‘फ्राउ’ आणि पुढे आडनाव अशीच हाक मारते, पण मनात त्या आजीच आहेत. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी त्या नवऱ्याच्या कबरीवरच्या फुलझाडांना पाणी घालायला जातात. भरलेली झारी उचलणे त्यांना आता झेपत नाही, म्हणून मी बरोबर जाते. पहिल्यांदा त्यांनी कुंपणावरून मला विचारले, तेव्हा ‘फ्राइटहोफवर येतेस का?’ असे विचारले, आणि मला वाटले की बाईंची जीभ घसरली.

पुण्यात जर्मन शिकताना दफनभूमीसाठी मी जो शब्द पाठ केला होता, तो ‘फ्रीडहोफ’. आमच्या शिक्षिकेने फळ्यावर त्याचे दोन तुकडे करून दाखवले होते. ‘फ्रीडे’ म्हणजे शांतता आणि ‘होफ’ म्हणजे आवार. षष्ठी तत्पुरुष समास, विग्रह ‘शांतीचे आवार’, पुढचा शब्द घ्या. जर्मन शब्दांची लांबी पाहून बिचकणाऱ्या आम्हा मुलांना हा शब्द आवडला, कारण तो छोटा होता, सोपा होता आणि अर्थ सरळ पोटात घेऊन आला होता. मेलेली माणसे जिथे शांत झोपली आहेत, ती जागा. त्यात आणखी काही शोधण्यासारखे असेल, असे मला पुढची पंधरा वर्षे वाटले नाही.

त्या संध्याकाळी मी आजींना चूक दाखवली नाही, पण नवशिके परदेशी लोक जे करतात तेच केले. ‘हो, फ्रीडहोफवर येते की,’ असे म्हणताना मी तो शब्द जरा सावकाश, स्वच्छ उच्चारला. त्यांना ते बरोबर कळले. ‘तू फ्रीडहोफच म्हण,’ त्या हसून म्हणाल्या, ‘तू पुस्तकातून शिकलीस. आमच्या घरात सगळे फ्राइटहोफवरच गेले.’

घरी येऊन व्युत्पत्तिकोश उघडला, आणि माझी पंधरा वर्षांची समजूत पहिल्या दोन ओळींतच मोडली. ‘फ्रीडहोफ’ या शब्दाचा ‘फ्रीडे’शी, म्हणजे शांततेशी, मुळात थेट संबंध नाही. प्राचीन उच्च जर्मनमध्ये हा शब्द ‘फ्रीतहोफ’ असा होता आणि त्याचा अर्थ होता देवळापुढचे किंवा घरापुढचे, कुंपण घालून राखलेले आवार. त्यातला पहिला भाग ‘फ्रीतन’ या क्रियापदाचा. फ्रीतन म्हणजे जपणे, राखणे, निगा करणे. गॉथिक या जर्मनच्या लुप्त झालेल्या नातलग भाषेत त्याचाच भाऊबंद ‘जीव वाचवणे, गय करणे’ अशा अर्थाने येतो. थोडक्यात, या आवारात मेलेले नव्हते आणि शांतताही नव्हती. तिथे एक कुंपण होते आणि आतले जे काही असेल ते जपण्याचा हेतू होता.

आजी चुकल्या होत्या की मी, याचा निकाल त्यापुढच्या ओळीत होता. मध्ययुगीन जर्मनमधला दीर्घ ‘ई’ पुढे बहुतेक प्रांतांत ‘आइ’ झाला. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून तीन शब्द घोकून घेतात. ‘मीन न्यूवेस हूस’, म्हणजे माझे नवे घर, हे आजच्या जर्मनमध्ये ‘माइन नॉयेस हाउस’ होते. त्याच नियमाने ‘वीन’चा ‘वाइन’ झाला, ‘झीत’चा ‘झाइट’ झाला, म्हणजे वेळ. हा बदल बाराव्या शतकाच्या सुमारास जर्मन प्रदेशाच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या ऑस्ट्रियाकडच्या आणि बव्हेरियाकडच्या भागात, सुरू झाला आणि तिथून उत्तरेकडे सरकत गेला. स्वित्झर्लंडपर्यंत तो पुरता पोचलाच नाही. म्हणून स्विस माणूस अजूनही आपल्या घराला ‘हूस’ म्हणतो. आता याच नियमाने ‘फ्रीतहोफ’चे काय व्हायला हवे? ‘फ्राइटहोफ’. आजी म्हणतात तोच. ज्या मुलखात हा बदल जन्मला, त्या मुलखातल्या बाईंच्या तोंडी शब्दाचे सरळ, औरस रूप शिल्लक होते, आणि पुस्तकातून शिकलेली मी ते दुरुस्त करायला निघाले होते.

मग प्रमाण जर्मनमध्ये ‘फ्रीडहोफ’ कुठून आला? इथे घडले ते मोठे गमतीचे आहे. ‘फ्रीतन’ हे क्रियापद बोलण्यातून नाहीसे झाले. शब्दाचा पहिला भाग पोरका झाला. त्याच सुमारास शांततेसाठी असलेला शब्द, ज्यात पूर्वी ऱ्हस्व ‘इ’ होती, लांबून ‘फ्रीडे’ झाला होता. पोरक्या शब्दाला आवाजाने जवळचा असा एक नातेवाईक मिळाला, आणि अर्थानेही तो जुळत होता, कारण एव्हाना त्या आवारात माणसे पुरली जात होती. लोकांनी शब्द त्याच्या घरी दत्तक दिला. मौज अशी, की आजचा ‘फ्रीडहोफ’ कानाला जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच्या ‘फ्रीतहोफ’सारखाच लागतो, पण तो तिथे सरळ वाटेने राहिलेला नाही. आवाज परत आला, अर्थ मात्र वाटेत बदलला.

दुसऱ्या भागाला, म्हणजे ‘होफ’ला, असे काही झाले नाही. तो शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे ‘वाडा’ आहे. होफ म्हणजे चौक, होफ म्हणजे शेतावरचे घर आणि गोठा मिळून होणारे आवार, आणि होफ म्हणजे राजवाडाही. म्युनिकला येणारा प्रत्येक पाहुणा ज्या बिअरच्या दालनात जाऊन फोटो काढतो, त्या होफब्रॉयहाउसमधला होफ हा ड्यूकच्या वाड्याचा आहे. रेल्वे स्टेशनही ‘बानहोफ’. दरबारी रीत जाणणारा तो ‘ह्योफलिश’, म्हणजे सभ्य. जिवंत माणसांच्या या सगळ्या वाड्यांच्या रांगेत मेलेल्यांचा एक वाडा आहे, इतकेच.

‘फ्रीतन’च्या मागे आणखी थोडे गेले की संस्कृत जाणणाऱ्याला दार ओळखीचे वाटू लागते. आपल्या ‘प’च्या जागी जर्मनिक भाषांत ‘फ’ येतो. पितृ आणि फाटर, पाद आणि फूस, पञ्च आणि फ्युन्फ. या हिशेबाने ‘फ्री’च्या जागी ‘प्री’ ठेवून पाहावे. धातू सापडतो तो प्रेम करण्याचा, ज्यातून आपले ‘प्रिय’ आणि ‘प्रीती’ आले. जर्मनमधला मित्र, ‘फ्रॉयंड’, हा मुळात ‘प्रेम करणारा’ आहे. स्वतंत्र या अर्थाचा ‘फ्राय’ हा मुळात ‘प्रिय’ आहे. आपल्या कुळातला, आपल्या माणसांतला तो फ्राय, आणि जो आपला नाही तो गुलाम, असा तो अर्थ सरकत गेला. शुक्रवारचा ‘फ्रायटाग’ हा फ्रिया नावाच्या देवीचा वार आहे आणि तिचे नाव म्हणजे अक्षरशः ‘प्रिया’. शांततेचा ‘फ्रीडे’सुद्धा याच घरातला. म्हणजे दत्तक गेलेला शब्द परक्या घरी गेलाच नव्हता, तो चुलत्याकडे गेला होता. कोशात हे वाचताना मला बरे वाटले, हे कबूल करते. माझ्या शिक्षिकेची फोड चुकीची होती, पण फार दूरची नव्हती.

‘फ्रीडे’ आणि कुंपण यांचा संबंध मला खरे तर आधीच कळायला हवा होता, कारण त्याने एकदा मला तोंडघशी पाडले होते. मी पोटासाठी भाषांतरे करते, त्यातही कोर्टाची आणि सरकारी कागदांची जास्त. अगदी सुरुवातीच्या काळात एका मराठी कुटुंबासाठी घराच्या आवारात घुसखोरी झाल्याच्या तक्रारीचे कागद मराठीत आणायचे होते. जर्मन दंडसंहितेच्या कलम 123 मध्ये दुसऱ्याच्या ‘बेफ्रीडेट’ मालमत्तेत बेकायदा शिरणे हा गुन्हा आहे. मी बेधडक ‘शांतता प्रस्थापित केलेली मालमत्ता’ असे लिहून मोकळी झाले. वाचणाऱ्या गृहस्थांनी फोन करून विचारले, ‘म्हणजे आमच्या अंगणात आधी दंगल झाली होती का?’ बेफ्रीडेट म्हणजे तिथे कुंपण घातलेली. जर्मनीत घर बांधणाऱ्याला आजही नगरपालिकेच्या कागदावर ‘आइनफ्रीडुंग’ किती उंचीची, असे विचारतात, आणि तो शांततेविषयीचा प्रश्न नसून भिंत, जाळी किंवा झुडपांची वई याविषयीचा असतो. बर्लिनमध्ये संसदेभोवतीच्या ज्या पट्ट्यात निदर्शनांवर बंधने आहेत, तो पट्टासुद्धा कायद्याच्या भाषेत ‘बेफ्रीडेट’ आहे.

मध्ययुगात तर शांतता अशीच मिळत असे. ती सगळीकडे पसरलेली हवा नव्हती, हद्द आखून दिलेली गोष्ट होती. अमुक किल्ल्याच्या आवारात शस्त्र उपसायचे नाही, अमुक वारी भांडायचे नाही, रस्त्यावरच्या वाटसरूला हात लावायचा नाही. 1495 मध्ये वोर्म्स इथल्या राजसभेत जर्मन राजा माक्सिमिलियनने खाजगी वैराच्या लढाया कायमच्या बंद केल्या, तेव्हा त्या फर्मानाला ‘चिरंतन मुलुखी शांतता’ म्हटले गेले. म्हणजे कुंपण साऱ्या मुलखाभोवती नेले. चर्चचे आवारही असेच राखलेले होते. पाठलाग होणारा माणूस त्या कुंपणाच्या आत पोचला, तर त्याला तिथून ओढून नेता येत नसे. फ्रीतहोफने आधी जिवंतांना आसरा दिला, मेलेल्यांची गर्दी तिथे होत गेली ती चर्चच्या जितके जवळ पुरले जाऊ तितके बरे, या श्रद्धेपायी.

आणि शांतता म्हणाल, तर ती तिथे औषधालाही नव्हती. 1527 मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला, तेव्हा मार्टिन लुथरने साथीतून पळून जावे की नाही, या विषयावर एक पुस्तिका लिहिली. तिच्या शेवटी तो आपल्याच गावच्या चर्चच्या आवारावर घसरतो. हे आवार कसले, या चार-पाच गल्ल्या आणि दोन-तीन बाजार आहेत, अख्ख्या गावात याच्याइतकी वर्दळीची आणि गोंगाटाची दुसरी जागा नाही, अशा शब्दांत तो कुरकुर करतो. इथे पडण्यापेक्षा मला एल्ब नदीत किंवा रानात टाकलेले चालेल, असेही म्हणतो. पुरण्याची जागा गावाबाहेर, निवांत असावी, जिथे माणसाला उभे राहून मरणाचा विचार करता येईल, ही त्याची मागणी होती. लक्षात घेण्यासारखे हे, की ज्या जागेला तो नावे ठेवतो तिला तो ‘किर्शहोफ’ म्हणतो, चर्चचे आवार. पुढे प्लेगच्या भीतीने, मग आरोग्याच्या नियमांनी दफनभूमी खरोखरच वेशीबाहेर गेली. प्रशियाच्या 1794 च्या कायद्याने तर शहराच्या वस्तीत आणि चर्चमध्ये पुरण्याला बंदीच घातली. जिथे चर्च नाही त्या जागेला चर्चचे आवार कसे म्हणणार? ‘फ्रीडहोफ’ला वाव मिळाला तो अशा अडचणीतून, आणि तो रुजला तेव्हा जागाही खरोखर शांत झाली होती. म्हणजे शब्दाचा अर्थ आधी चुकला आणि नंतर जागेने तो खरा केला.

या शब्दखेळाचा मोह इमान्युएल कांटलाही आवरला नव्हता. 1795 मध्ये त्याने राष्ट्राराष्ट्रांतल्या चिरंतन शांततेवर जो निबंध लिहिला, त्याची सुरुवातच एका हॉलंडमधल्या खाणावळवाल्याच्या पाटीने होते. पाटीवर लिहिले होते ‘चिरंतन शांततेपाशी’ आणि खाली चित्र होते दफनभूमीचे. हे माणसांना उद्देशून आहे, लढायांनी कधीच न धालेल्या राजांना, की ते गोड स्वप्न पाहणाऱ्या तत्त्वज्ञांना, असा खवचट प्रश्न कांट विचारतो. गंमत म्हणजे, त्याला फ्रीडहोफ हा शब्द वापरून कोटी आयती साधता आली असती, पण तोही लिहितो किर्शहोफच. जर्मन तत्त्वज्ञानाबद्दल माझे मत फारसे कोणी विचारत नाही, पण ही एक कोटी त्याने सोडायला नको होती.

अशा दत्तक शब्दांना ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. हा पारिभाषिक शब्द 1852 मध्ये एर्न्स्ट फ्योर्स्टेमान याने जर्मनमध्ये रूढ केला. हा पुढे ड्रेस्डेनच्या राजेशाही ग्रंथालयाचा प्रमुख झाला आणि तिथे ठेवलेल्या माया लोकांच्या हस्तलिखितातली कालगणना उलगडण्यात त्याने उतारवय घालवले. खेडुतांनी शब्दांची केलेली मोडतोड आणि मायांचे आकडे, दोन्हींकडे त्याच चिकाटीने पाहणाऱ्या या माणसाविषयी मला कुतूहल आहे. जर्मनमध्ये त्याला उदाहरणांची ददात नव्हती. चिचुंदरीसारखा दिसणारा, जमीन पोखरणारा जो प्राणी आहे, त्याला ‘माउलवुर्फ’ म्हणतात, म्हणजे तोंडाने फेकणारा. पण तो माती फेकतो ती पुढच्या पंजांनी. मूळ शब्दात तोंड नव्हतेच, ढीग होता, मग माती आली, आणि मातीसाठी असलेला जुना शब्द विसरला गेल्यावर तोंड आले. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांची ‘हामाका’ स्पॅनिश आणि डच जहाजांवरून जर्मनीत उतरली, ती ‘हेंगेमाटे’, म्हणजे टांगायची चटई, होऊन. आपल्याकडेही पोर्तुगीज ‘पाँव’चा पाव झाला, आणि मग पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, असे छातीठोकपणे सांगणारे आजोबा घरोघरी निर्माण झाले. माझ्या आजोबांनी त्या कारणास्तव आयुष्यभर पावाला हात लावला नाही. शब्दाच्या चुकीच्या फोडीने माणसाची न्याहारी बदलू शकते.

मात्र आपल्या ‘स्मशाना’ला कोणी असा दत्तक बाप शोधला नाही. यास्काने निरुक्त या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात त्याची फोड दिली आहे ती ‘श्म’ म्हणजे शरीर आणि त्याचे शयन. तोही समासच, शरीराच्या निजण्याची जागा. परंतु ती फोड पंडितांकडे राहिली. मराठी जिभेवर शब्दाचे ‘मसण’ झाले आणि त्यात कुणाला निजणे ऐकू आले नाही. ‘मसणात जा’ असे रागाने म्हणताना ती शिवीच असते. मग शब्दात न मिळालेले समाधान आपण पाटीवर लिहिले. पुण्यात ‘वैकुंठ’, नाशकात ‘अमरधाम’. जर्मनांनी जुन्या शब्दालाच नवा अर्थ ऐकला, आपण जुना शब्द बाजूला ठेवून नवा फलक लावला.

आजींच्या फ्राइटहोफात मी आता इतक्यांदा गेले आहे, की तिथल्या व्यवहाराची रीत मला ठाऊक झाली आहे. नळाजवळ हिरव्या झाऱ्या साखळीने टांगलेल्या असतात आणि सुपरमार्केटच्या ढकलगाडीसारखे नाणे घातल्याशिवाय त्या सुटत नाहीत. कबर विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. माती कशी आहे आणि गावाचा नियम काय आहे, त्याप्रमाणे ही मुदत बहुतेक ठिकाणी 15 ते 30 वर्षांची असते, आणि कायद्यात तिचे नाव ‘रूहेझाइट’, विसाव्याचा काळ, असे आहे. मुदत संपली आणि कोणी पैसे भरून ती वाढवली नाही, तर दगड काढतात, जागा सपाट करतात आणि पुढच्याला देतात. आधीच्या काळी हाडे काढून चर्चशेजारच्या खोलीत रचत. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावी अशा कवट्यांवर नावे आणि फुलांच्या माळा रंगवलेल्या अजून पाहायला मिळतात. राखेलाही सुटका नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत अस्थिकलश घरी ठेवता येत नाही, तो या कुंपणाच्या आतच पुरावा लागतो, आणि त्या नियमाला ‘फ्रीडहोफ-सक्ती’ असेच म्हणतात. शांतीची सक्ती, हा समास कांटला द्यायला हवा होता.

मागच्या ऑगस्टमध्ये आजींच्या नवऱ्याच्या शेजारच्या दगडावर एक पिवळा चिकट कागद दिसला. ‘नातेवाइकांनी कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा.’ आजींनी चष्मा काढून तो वाचला. तिथे पुरलेला माणूस गावचा बेकरीवाला होता, त्याची मुले आता कुठे असतात ते कोणाला माहीत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या झारीतले उरलेले पाणी त्याच्या सुकलेल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतले. त्यांच्या नवऱ्याची मुदत त्यांनी अलीकडेच वाढवून घेतली आहे. ‘माझ्यापुरती पुरेल,’ असे त्यांनी मला हिशेब सांगावा तसे सांगितले.

मी त्यांना फ्राइटहोफच्या जुन्या अर्थाविषयी एकदा सांगून पाहिले. शांती नव्हे, कुंपण, जपणे, वगैरे. त्या ऐकत होत्या, पण त्यात त्यांना नवल वाटल्याचे दिसले नाही. परतताना मी रिकाम्या झाऱ्या साखळीला अडकवून, नाणी खिशात टाकून पुढे निघाले होते. लोखंडी फाटकाशी त्या थांबल्या आणि त्यांनी मला मागे बोलावले. फाटकावर गावाने एक छोटी पाटी लावली आहे, जिच्याकडे मी रोजच्या पाट्यांकडे पाहते तसेच पाहत आले होते. दार बंद करा, रानातली हरणे आत येतात आणि कबरींवरच्या गुलाबांच्या कळ्या खातात, असे तीत लिहिले आहे. मी दार नुसते ढकलून आले होते. आजींनी ते ओढून घेतले, कडी खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत दाबून धरले, आणि मगच माझा हात धरून रस्त्याला लागल्या.